चोवीस तासांची हिरवी सरासरी

माझं काम नेमकं काय, हे माझ्या आईला शेवटपर्यंत कळलं नाही. "टीव्ही बघतो," असं ती बमरोलीच्या गल्लीत सगळ्यांना सांगायची, आणि खरं सांगू, ते फारसं चूकही नव्हतं. सुरतेत कतारगामला हिऱ्यांची एक मोठी फॅक्टरी, तळमजल्यावर काचेची खोली, आत थंडगार हवा, भिंतीवर भलामोठा पडदा आणि पडद्यासमोर मी. दिवसभर त्या पडद्यावरचे चौकोन हिरवे आहेत की नाहीत ते बघायचं. हिरवे असले की गप्प बसायचं, लाल झाले की साहेबांना फोन करायचा. बाप माझा खानदेशातून आला आणि आयुष्यभर मागावर उभा राहिला, संध्याकाळी त्याचे पाय सुजायचे. माझं बसून बसून फक्त पोट सुटलं.

पडद्यावर काय दिसायचं ते आधी सांगतो, नाहीतर पुढची गंमत कळायची नाही. हिऱ्याचा कच्चा दगड आला की त्याला मशीनमध्ये घालून आतून-बाहेरून टिपतात. कुठे तडा आहे, कुठे काळा ठिपका आहे, सगळं. त्याची एक जाडजूड फाइल तयार होते. वरच्या मजल्यावर प्लॅनिंगला बसलेली माणसं ती फाइल उघडतात आणि ठरवतात की हा दगड कुठून कापायचा, यातून एक हिरा काढायचा की दोन. या सगळ्या फायली राहायच्या माझ्या शेजारच्या खोलीत, स्टोरेज नावाच्या एका काळ्या कपाटात. कपाट आणि वरची माणसं यांच्या मध्ये चार सर्व्हर. वरून कोणी फाइल मागितली की सर्व्हरने ती कपाटाकडून घ्यायची आणि वर द्यायची. हे येणंजाणं किती झालं आणि मागितल्यापासून मिळेपर्यंत किती वेळ लागला, ते माझ्या पडद्यावर यायचं. गच्चीवरची पाण्याची टाकी आणि घराघरातले नळ, एवढंच ते प्रकरण. सकाळी सगळ्यांनी एकदम नळ सोडले की वरच्या मजल्यावर करंगळीएवढी धार येते, तसंच इथेही व्हायचं.

पडदा भिंतीवर लावायची हौस शेठची. खोलीला काच, आणि काचेपलीकडे पाहुण्यांचे सोफे. परदेशी पाहुणे चहा पिता पिता बघणार आणि म्हणणार, वा, काय व्यवस्था आहे! तर पहिल्याच आठवड्यात पाहुणे सोफ्यावर बसलेले असताना दोन चौकोन लालभडक झाले. शेठ काचेशी आले. "आ लाल केम छे?" हे लाल का? मी सांगायला लागलो की वरून एकदम खूप फायली मागितल्या गेल्या, कपाटाला दम लागला, वगैरे. शेठनी माझ्याकडे न बघता आमच्या साहेबांकडे बघितलं. साहेब म्हणजे कॉम्प्युटर विभागाचे मुख्य, त्यांच्या कपाळावर घाम. शेठ गेल्यावर ते मला हळूच म्हणाले, "भाई, लीलुं राखो ने." म्हणजे हिरवं ठेव, बाबा.

आता हिरवं ठेवायचे दोन रस्ते. एक, कपाट का दमतं ते शोधायचं. दुसरा, दमलेलं दिसू द्यायचं नाही. मी दुसरा घेतला, कारण त्याला दोन मिनिटं लागतात. पडदा दर मिनिटाचा आकडा दाखवायचा, तो मी पंधरा मिनिटांच्या सरासरीवर नेला. तरी लाल. तासावर नेला. तरी एखादा चौकोन पिवळा पडायचाच. मग म्हटलं मरो, आणि थेट चोवीस तासांची सरासरी लावून टाकली. रात्री फॅक्टरीला कुलूप असतं, कपाटाला कोणी हाकसुद्धा मारत नाही. ते सगळे झोपलेले तास मी दिवसाच्या मारामारीत कालवून दिले. घ्या! पडदा असा हिरवागार झाला की पाहुणे त्याच्यासमोर उभे राहून फोटो काढायला लागले. शेठनी येता-जाता माझी पाठ थोपटली. साहेब म्हणाले, तुला आता कायम करून घेऊ.

कायम! त्याआधी मी तीन वर्षं इच्छापोरच्या एका कारखान्यात कंत्राटावर होतो. कंत्राट म्हणजे काय, ते ज्याने केलंय त्यालाच ठाऊक. दर अकरा महिन्यांनी घरी बसायचं आणि पुन्हा बोलावणं येईपर्यंत सासुरवाडीला खोटं बोलायचं. तेव्हा 'कायम' हा शब्द ऐकून माझी मान आपोआप हलली, यात नवल नाही.

वर, प्लॅनिंगच्या सेक्शनमध्ये, आमच्या गल्लीतल्या एक वहिनी होत्या. नात्यातल्या नव्हेत, पण त्यांचे मालक आणि माझा मोठा भाऊ एकाच लूम्सवर होते, म्हणून वहिनी. पंधरा वर्षं त्यांनी घरी बसून साड्यांना खडे चिकटवले होते. मांडीवर साडी, एका हातात चिमटा, डिंकाच्या वासाने डोकं उठलेलं. पोरं मोठी झाल्यावर कोणाच्या तरी नादाने त्या संध्याकाळच्या क्लासला गेल्या, कॉम्प्युटरवर दगड फिरवायला शिकल्या, आणि चाळिशी उलटल्यावर त्या बाईंनी कतारगामला खुर्ची मिळवली. नजर अशी, की मशीनला न दिसलेला तडा त्यांना दिसायचा. म्हणून शेठचे मोठे, जोखमीचे दगड त्यांच्याकडे यायचे. आमच्या गल्लीत खरोखरचा हिरा बघितलेली ती पहिली बाई, आणि तिचा तोरा मला फार आवडायचा.

तर या वहिनींचं नाव जिन्यातल्या यादीत तळाला यायला लागलं. रोज कोणी किती दगड उरकले आणि एका दगडाला किती वेळ घेतला, ती यादी जिन्यात लागायची. वेळ मोजायचं कामही कॉम्प्युटरचं. फाइल मागितली की घड्याळ सुरू, प्लॅन झाला की बंद. वहिनींचा वेळ सगळ्यांच्या दुप्पट. त्यांच्या सेक्शनचा सुपरवायझर सगळ्यांच्या देखत म्हणाला, "बेननो हाथ धीमो छे." आणि महिन्याच्या शेवटच्या शनिवारी तळाचं नाव खुर्चीवरून उठणार, असंही सांगून टाकलं.

जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन वहिनी खाली माझ्या खोलीच्या दाराशी आल्या. त्या रागावल्या की सरळ अहिराणीवर यायच्या. "मना हात धीमा नही शे, भाऊ. तुनं मशीन धीमं शे." मग जरा दम घेऊन म्हणाल्या, "गोल गोल फिरतं ते चक्र. मी बसून राहते. वीस वीस मिनिटं फाइल उघडत नाही. ते सगळं माझ्या नावावर. मी परत साड्या घेऊन बसणार नाही, सांगून ठेवते." मी पडद्याकडे बोट केलं. सगळं हिरवं. वहिनींनी पडद्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि डबा न उघडताच वर निघून गेल्या.

तक्रारी वरूनही बऱ्याच होत्या, नाही असं नाही. म्हणून साहेबांनी कपाट विकणाऱ्या कंपनीचे इंजिनियर बोलावले. पहिला आला, त्याने केबल बदलली. दुसरा आला, त्याने पहिल्याने बदललेली केबल बघून नाक मुरडलं आणि पुन्हा बदलली. तिसरा तर विमानाने आला. त्याने दोन दिवस लॅपटॉपमध्ये डोकं घातलं, नाश्त्याला सुरती लोचो खाल्ला, त्याचं कौतुक केलं, आणि लिहून दिलं की अडचण अधूनमधून येते पण तिच्यात काही सूत्र दिसत नाही. सूत्र दिसत नाही! एकदा दुपारी, एकदा सकाळी, एकदा संध्याकाळी. अरे बाबांनो, दोन जिने चढून वर बसलेल्या एकाला तरी विचारायचं होतंत. पण वर जायला बूट काढावे लागायचे, आणि इंजिनियर बूट काढत नसतात.

मीही वर गेलो नव्हतो हे कबूल केलं पाहिजे. माझ्या चपला तर सहज निघण्यासारख्या होत्या.

महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, मंगळवारी दुपारी वहिनी पुन्हा आल्या. या वेळी हातात पोराची जुनी वही. मशीन जेव्हा जेव्हा अडलं, तेव्हाचा वार आणि वेळ त्यांनी लिहून ठेवली होती. सोमवारी साडेतीन. मंगळवारी अकरा. बुधवारी संध्याकाळी पाच. गुरुवारी साडेबारा. शुक्रवारी सकाळी आठ, अगदी आल्या आल्या. शनिवारी दोन. पुढच्या पानावर पुढचा आठवडा, पुन्हा तेच वार, त्याच वेळा, फार तर दोन-चार मिनिटांचा फरक. तीन इंजिनियर आणि एक विमानाचं तिकीट जे करू शकलं नाही, ते या बाईने पोराच्या भूगोलाच्या वहीत करून ठेवलं होतं. मी पडदा सोडून माझ्या छोट्या स्क्रीनवर दर मिनिटाचा आलेख काढला. तो आत जिवंतच होता, मी फक्त भिंतीवर दाखवत नव्हतो. आणि काय सांगू, वहीत जिथे वेळ, तिथे आलेखात सुळका! त्या दिवशी सकाळी अकराचा सुळका तर ताजा ताजा होता. चारही सर्व्हर एकाच क्षणी कपाटावर तुटून पडलेले, आणि पुढची वीस-पंचवीस मिनिटं कपाट अगदी मेटाकुटीला आलेलं.

"वहिनी, या वेळेला वर होतं तरी काय?" मी विचारलं.

वहिनी माझ्याकडे बघत राहिल्या, चेष्टा करतोय की काय म्हणून. "लाभ चोघडियं नाही का तेव्हा? शेठचे मोठे दगड लाभातच उघडायचे असतात. सुपरवायझर पंचांग बघतो, हात वर करतो, आणि सगळे एकदम उघडतात. तुम्हाला खाली माहीत नाही?"

कपाळ माझं! सुरतेत जन्म गेला. इथे माणूस स्कूटर घेतो तर चोघडियं बघून, दुकानाचं शटर उचलतो तर चोघडियं बघून. दिवसाचे आठ तुकडे, त्यांत लाभ, शुभ, अमृत चांगले, रोग, काळ, उद्वेग वाईट, आणि वारागणिक त्यांच्या वेळा बदलणार. चहाच्या मशीनशेजारी कॅलेंडर टांगलेलं होतं, त्यावर सगळं कोष्टक छापलेलं. त्याच्यासमोर उभं राहून तिसऱ्या इंजिनियरने दोन दिवस चहा प्यायला होता. वर सगळ्यांना चोघडियं माहीत होतं पण सर्व्हर माहीत नव्हते. खाली आम्हाला सर्व्हर माहीत होते. एवढे जिने मध्ये असताना कोण कोणाला सांगणार?

आणि वहिनीच तळाला का, तेही कळलं. सर्वांत जड फायली सर्वांत चांगल्या हातात, आणि त्याही सगळ्यांच्या गर्दीत. बाकी बहुतेकांच्या फायली हलक्या, त्या लवकर सुटायच्या, आणि जड फायलीवाले दुसरे दोन-चारजण हुशार. सुपरवायझरचा हात वर गेला की ते माउसला हात लावल्यासारखं करून चहाला जायचे आणि गर्दी ओसरल्यावर येऊन फाइल उघडायचे. वहिनी नियमाच्या पक्क्या. मुहूर्ताला फाइल मागायच्या आणि फिरणाऱ्या चक्रासमोर बसून राहायच्या.

"मग भिंतीवर का दिसत नाही हे?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. सरासरी काय असते, रात्रीचे तास कसे मिसळतात, सगळं. सांगताना मला माझीच लाज वाटली. त्या म्हणाल्या, "म्हणजे मी वीस मिनिटं बसून राहते, ती जातात कुठं?"

"मिसळून जातात."

"भारीच की," त्या म्हणाल्या. मग एकदम हसल्या. हातातली वही माझ्याकडे दिली. "शनिवारच्या आधी सांगशील ना रे भाऊ?"

"आजच सांगतो. तुम्ही निश्चिंत राहा, वहिनी."

आणि मी सांगितलंही, त्याच दुपारी, साहेबांना. वही दाखवली, आलेख दाखवला. साहेब मूर्ख नव्हते, एका नजरेत समजले. आणि पुढच्या नजरेत त्यांना हेही समजलं, की हे शेठना सांगायचं तर दोन गोष्टी सांगाव्या लागतील. एक, शेठचा मुहूर्तच अडचण करतोय. दोन, भिंतीवरचा हिरवा रंग खोटा आहे आणि तो आपण दोघांनी मिळून लावलाय. साहेबांनी वही मिटली. "शनिवारी तुझा कायमचा कागद सही होतोय," ते म्हणाले. "सोमवारी बोलू ने. उतावळ शुं छे?" घाई काय आहे, म्हणे!

घाई कोणाला होती ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. मी मान हलवली. पूर्वी एकदा हलवली होती, तेव्हा निदान कोणाचं वाटोळं होत नव्हतं. बुधवारी मी जेवायच्या वेळी मुद्दाम बाहेर गेलो. गुरुवारी गल्लीत वहिनी समोरून येताना दिसल्या तर मी मोबाइल कानाला लावला. पलीकडे कोणी नव्हतं. शुक्रवारी मी स्वतःला समजावलं की सुपरवायझर नुसता बोलतो, उठवणार थोडाच आहे. इतका मूग गिळून बसलो की शुक्रवारी संध्याकाळी बायकोने विचारलं, घसा बसलाय का.

शनिवारी दुपारी दोन वाजता त्यांना खुर्चीवरून उठवलं. दोनच वाजता, कारण लाभ चोघडियं. माणसाला हाकलायलासुद्धा आमच्याकडे चांगली वेळ बघतात. आणि त्याच वेळेला, त्याच लाभात, साहेबांनी काचेच्या खोलीत येऊन माझ्या हातात कागद ठेवला आणि पेढा भरवला. पेढा तोंडात असताना मी काचेतून वहिनींना जिना उतरताना बघितलं. हातात डबा आणि खुर्चीवरची छोटी उशी. त्यांनीही बघितलं. मी पेढा गिळला.

सोमवारी साडेतीनला परदेशी पाहुण्याला वर घेऊन जाऊन शेठ स्वतः एक मोठा दगड उघडायला बसले. वहिनींच्याच खुर्चीवर. चक्र फिरायला लागलं. पाच मिनिटं, दहा मिनिटं. पाहुणा सभ्य होता, तो भिंतीवरचे देव बघत राहिला. शेठ तावातावाने खाली आले, पडद्याकडे बघितलं, सगळं हिरवं. "उपर फर्या करे छे ने अहीं लीलुं?" वर चक्र फिरतंय आणि इथे हिरवं? साहेबांनी माझ्याकडे बघितलं. आता बोलण्यात काही धोका नव्हता. कागद खिशात होता, आणि शेठना स्वतःलाच वाट बघायला लागली होती. मग मी काय बोललो! वही काढली, आलेख काढला, चोघडियं, सर्व्हर, सरासरी, सगळं धडाधड. किती धैर्याने बोलतोय, असं पाहुण्यालासुद्धा वाटलं असेल.

शेठ शांतपणे ऐकत होते. त्यांना राग आला नाही, हे मला फार नंतर खटकलं; म्हणजे मंगळवारीही आला नसता. ते म्हणाले, मग असं करा, अर्धे दगड लाभात, अर्धे शुभात. कॉम्प्युटरवरचं बाकीचं देखभालीचं काम अमृतमध्ये. व्हायरस शोधायचं ते रोगात करा, त्याला तीच वेळ बरी. पाच मिनिटांत प्रश्न सुटला. दुसऱ्या दिवशी पूजेच्या महाराजांना बोलावून काळ्या कपाटावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं. नारळ कपाटावरच फोडणार होते, मी पाया पडून तो दाराबाहेर फोडायला लावला. पण सोमवारी माझ्या खोलीतून जायच्या आधीच शेठ म्हणाले होते, "पेला बेन क्यां छे? बोलावो एमने." त्या बाई कुठे आहेत, बोलवा त्यांना. आणि हे काम साहेबांनी मला दिलं, गल्ली एकच म्हणून.

त्याच सोमवारी संध्याकाळी मी त्यांच्या दारात उभा राहिलो, तर वहिनी मांडीवर साडी घेऊन बसल्या होत्या. जांभळी, जरीची. चिमट्याने एकेक काचेचा खडा उचलून डिंकावर ठेवत होत्या. सगळ्या खोलीत डिंकाचा वास. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं, की शेठना सगळं पटलंय, खुर्ची तुमचीच, उद्यापासून या. मला वाटलं त्या साडी बाजूला टाकतील. त्यांनी हातातला खडा आधी नीट बसवला.

"शेठला कधी सांगितलंस?"

"आज. साडेतीनला."

"आणि साहेबाला?"

खोटं बोलता आलं असतं. पण वही मी त्यांच्या देखत घेतली होती. "मंगळवारी," मी म्हणालो.

"कागद कधी मिळाला तुझा?"

"शनिवारी."

त्यांनी पुढचा खडा उचलला. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, अहिराणीतून चार शिव्या घातल्या असत्या तर मी त्या आनंदाने खाल्ल्या असत्या. पण त्या अगदी साध्या मराठीत, हळू बोलल्या. "मंगळवार ते सोमवार. त्याची पण सरासरी काढ. काही झालं होतं असं दिसायचंच नाही."

मंगळवारी त्या कामावर आल्या. उशी आणली, खुर्चीवर ठेवली, बसल्या. महिन्याभरात त्यांचं नाव जिन्यातल्या यादीत पहिलं आलं आणि अजून तिथेच आहे. भिंतीवरचा पडदा मी पुन्हा दर मिनिटावर आणला. तो कधी कधी लाल होतो, आणि आता पाहुण्यांचे सोफे दुसरीकडे हलवलेत. वहिनी जिन्यात भेटतात, गल्लीत भेटतात, भाजीवाल्याकडे भेटतात. बोलतात, विचारपूस करतात, माझ्या पोरीला खाऊ देतात. फक्त आता मला भाऊ म्हणत नाहीत. साहेब म्हणतात.